गिअरची दांडी आणि ‘वडिलांचा व्यवसाय’

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत दिग्रसला घरी गेलो तेव्हा आमच्या गॅरेजसमोर एक पांढरी पद्मिनी उभी होती. ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढत आणलेली. गावातल्या एका निवृत्त डॉक्टरांची ही गाडी, १९८४ सालची, एम-एच सुरू होण्याआधीचा तीन अक्षरी नंबर असलेली. गिअर अडकला होता.

“मिस्त्री, बॉनेट उघडून पेचकस घालून पाह्यलं, पण यावेळेस हालूनच नाई रायला,” डॉक्टर म्हणाले.

“राहू द्या साहेब दोन दिवस. दांडी, बुश सगळं काढावं लागते आता,” अब्बा म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवून पुढे जोडलं, “हे करते. मी बसून सांगतो.”

मी अमरावतीला शिक्षक आहे. वय चव्वेचाळीस. हातात पाना धरून मला वीस वर्षं झाली असतील. पण अब्बांचे हात आता थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. धाकटा भाऊ गॅरेज चालवतो, पण त्याचं काम मोटरसायकलींचं. पद्मिनीच्या स्टिअरिंगखाली त्याने कधी डोकं घातलेलं नाही. पुतण्या नववीत आहे, त्याला तर ही गाडी म्हणजे जुन्या सिनेमातली वस्तू वाटते. राहिलो मी.

ज्यांनी फक्त दोन सीटच्या मधला गिअर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मूळ इटालियन फियाट ११००, आपल्याकडे ती प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि गिअरची मूठ स्टिअरिंगच्या बाजूला. मूठ वर, गिअरबॉक्स खाली, मध्ये बरंच अंतर. ते अंतर भरून काढायला स्टिअरिंगच्या नळीला समांतर एक लांब शाफ्ट असतो. मूठ आपल्याकडे किंवा पलीकडे केली की हा शाफ्ट आपल्या अक्षावर सरकतो, आणि त्यावरून कुठली जोडी हवी ते ठरतं : पहिला-दुसरा की तिसरा-चौथा. मूठ वर-खाली केली की तोच शाफ्ट फिरतो, आणि त्या जोडीतला एक गिअर पडतो. शाफ्टच्या तळाशी दोन हात असतात, त्यांना दोन दांड्या, आणि त्या दांड्या गिअरबॉक्सपर्यंत जातात. एक निवडीची, एक गिअर टाकायची. प्रत्येक सांध्यात बुश, वायसर, कॉटर पिन.

आता प्रत्येक सांध्यात केसाएवढी जरी ढील आली, तरी सगळ्या सांध्यांची मिळून मुठीपाशी दोन बोटं खेळ येतो. मग निवड अर्धी होते. एक गिअर पुरता सुटलेला नसतो आणि दुसऱ्या जोडीत शिरायचा प्रयत्न होतो. तिथे अडकतं. पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर चालवलेल्या जुन्या माणसांना विचारा, भर चौकात बॉनेट उघडून, तळाचे हात हाताने किंवा पेचकसने जागेवर आणून पुन्हा गाडी चालू केल्याची आठवण प्रत्येकाकडे निघेल. मागून हॉर्न वाजत असायचे.

अब्बांनी खाटेवर बसून पहिली गोष्ट सांगितली ती पान्याची नव्हती. “पैले निशान लगा. काढना कोई भी काढ लेता.”

म्हणून पुतण्याला वही आणायला लावली. बॅटरीची वायर सुटी केली, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. दांडीच्या टोकाला आटे असतात, चेकनट कसलेला असतो. चेकनटच्या पुढे किती आटे दिसतात ते मोजून लिहिलं. कुठल्या हातावर कुठली दांडी, कॉटर पिनचं तोंड कुठल्या बाजूला, स्प्रिंगच्या आधी कुठला वायसर आणि नंतर कुठला, सगळं. जुनी चादर अंथरली आणि निघेल ती वस्तू निघालेल्या क्रमाने तिच्यावर मांडत गेलो. वायसरांतला एक इतका झिजला होता की पत्त्याच्या पानासारखा पातळ झाला होता. बुश तर नावालाच होते, एकाच्या जागी कुणीतरी, बहुधा अब्बांनीच, कधीतरी रबरी नळीचा तुकडा सारला होता. “तवा पार्ट नव्हता भेटला,” एवढंच म्हणाले.

पार्ट आजही भेटत नाही. म्हणजे नागपूरला फोन केले तर दोन दुकानांत “येईल, थांबा” म्हणाले. अब्बांनी थांबायला नकार दिला आणि दारव्ह्याच्या एका खरादवाल्याकडे नायलॉनचा दांडा आणि जुन्या पिना पाठवल्या. संध्याकाळी सहा बुश आले. हाताने दाबून बसणारे, फिरवले तर फिरणारे, हलवले तर न हलणारे. एकाही कागदावर माप नव्हतं. खरादवाल्याने पिन मोजली आणि भोक मोजलं, झालं.

आता मुद्द्यावर येतो. कारण हे सगळं करताना माझ्या डोक्यात गाडी कमी आणि एक फॉर्म जास्त होता.

अकरावीला प्रवेश घेताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘बिझनेस’ लिहिलं होतं. डीएडच्या वेळीही तेच. लग्नाच्या बायोडेटात ‘ऑटोमोबाईल क्षेत्र’. तो बायोडेटा लिहिताना अब्बा बाजूला बसले होते. त्यांना वाचता येतं ते जेमतेम, पण त्यांनी विचारलं काय लिहिलं, आणि मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मिस्त्री हा शब्द मी लिहू शकलो नाही, कारण तो शब्द लिहिला की समोरचा माणूस पुढचं सगळं स्वतःच लिहून टाकतो हे मला माहीत होतं.

‘पंक्चरवाले’ ही आपल्यासाठीची शिवी आता इतकी रुळली आहे की टीव्हीच्या चर्चेपासून शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत कुठेही भेटते. १४ एप्रिल २०२५ ला हिसारच्या सभेत पंतप्रधानांनी वक्फच्या संदर्भात बोलताना मुस्लिम तरुणांच्या सायकलचे पंक्चर काढण्याचा उल्लेख केला, तेव्हा तर ती पुन्हा सगळीकडे फिरली. आपली बाजू चिडली, आणि चिडणं रास्त होतं. पण उत्तरं काय आली ते आठवून पहा. कुणी मुस्लिम शास्त्रज्ञांची यादी टाकली, कुणी यूपीएससी पास झालेल्यांचे फोटो, कुणी डॉक्टर, कुणी क्रिकेटपटू. मीही दोन-तीन पुढे ढकलले. या सगळ्या उत्तरांचा अर्थ एकच होता : आम्ही पंक्चरवाले नाही. म्हणजे पंक्चर काढणं हलकं आहे, हे आपण न बोलता कबूल केलं, आणि ज्याच्या दुकानात आपली गाडी उभी असते त्या माणसाला त्या यादीतून गुपचूप खाली उतरवलं.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. पगारी नोकरीत मुसलमान कमी आणि स्वतःच्या हातावर पोट असणारे जास्त, हे त्यात स्पष्ट आहे, आणि ज्या कामांत त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा अधिक दिसतं त्यांत मोटार दुरुस्तीचं नाव आहे. या अहवालावर आपण वीस वर्षं भाषणं देतो आहोत. पण त्यातून आपण फक्त ‘मागासलेपण’ उचललं. एवढी माणसं इतकी वर्षं जे काम करताहेत ते काम काय आहे, ते किती अवघड आहे, कोण कुणाकडून शिकतं, याबद्दल आपल्यात कुणाला कुतूहल नाही.

आणि ही तक्रार फक्त बाहेरच्यांबद्दल नाही. आमच्याच मोहल्ल्यात, जिथे इस्लाममध्ये उच्चनीच नाही हे जुम्म्याला ऐकून लोक घरी येतात, तिथे मुलीचं स्थळ पाहताना मिस्त्रीच्या मुलापेक्षा बँकेतला शिपाई बरा मानतात. पिंजारी, बागवान, कुरेशी यांच्याबद्दल कोण काय बोलतं ते आपल्याला माहीत आहे. हेच लोक अल-जजरीवरच्या पोस्ट फिरवतात. आठशे वर्षांपूर्वी, १२०६ मध्ये, त्याने यंत्रांवरची किताब पूर्ण केली, पाणी उपसायच्या यंत्रात क्रँक वापरला, सगळं खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण अल-जजरी आज दिग्रसला असता तर त्याच्या अंगाला ग्रीसचा वास आला असता आणि त्याला सोयरीक मिळायला त्रास झाला असता. कुरआनात सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि चिलखताच्या कड्या मापात बसवण्याची ताकीदही. एका पैगंबराला दिलेल्या हुकमात कड्यांचं माप येतं, हे मला त्या चादरीवर मांडलेल्या वायसरांकडे पाहताना आठवलं. तकरीरींतून मी दाऊद अलैहिस्सलाम यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ ऐकलं आहे, कामाबद्दल कमी.

इथे थांबून उलटी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे गॅरेजची आरती होईल.

अब्बा ज्या उस्तादाकडे शिकले त्याने त्यांना पहिली दोन वर्षं फक्त पाने धुवायला लावले. चुकीचा पाना दिला की तोच पाना हातावर बसायचा. शिकवणं म्हणून काही नव्हतं, चोरून पाहायचं. अब्बांनीही आपल्या हेल्परांना फार वेगळं वागवलं नाही, हे मी पाहिलेलं आहे. सातवी-आठवीतून उचललेली पोरं, ‘छोटू’ म्हणून हाक, नाव विचारायचं नाही. त्यातली काही आज चांगले मिस्त्री आहेत. काही पंचविसाव्या वर्षी कंबर धरून बसले. एकाचं बोट पंख्याच्या पट्ट्यात गेलं. याला ‘हुनर’ म्हणून डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. शिवीला उत्तर म्हणून गरिबीचं कौतुक करायचं, हा आपल्यातल्या शिकलेल्यांचा नवा छंद आहे, आणि तो करणाऱ्यांची मुलं सीबीएसईत असतात. माझाही मुलगा आहे.

तर दुसऱ्या दिवशी जोडणी सुरू झाली. सगळे भाग डिझेलमध्ये धुतलेले, नवे बुश, नवे वायसर, ग्रीस. शाफ्ट सरकवला, मूठ बसवली, दांड्या लावल्या, वहीत लिहिलेल्या आट्यांवर चेकनट आणले. मग जुळवणी. नियम सोपा आहे : वर मूठ न्यूट्रलला, खाली गिअरबॉक्स न्यूट्रलला, आणि मग दांडीची लांबी अशी करायची की पिन स्वतःहून भोकात जावी. ओढून नाही, दाबून नाही. जुने माप नव्या बुशांना तंतोतंत लागत नाही, म्हणून एक-दोन आटे इकडे-तिकडे होतात. मी केले. पिन गेली. स्वतःवर खूश होऊन बॅटरी जोडली, मूठ न्यूट्रलला आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि खिडकीतूनच हात घालून चावी फिरवली.

गाडीने पुढे उडी मारली. चाकापुढचा ठोकळा होता म्हणून थांबली. ठोकळ्याच्या पलीकडे तीन हातांवर पुतण्या वही घेऊन उभा होता.

भाऊ धावत आला, मला काय काय बोलला ते लिहीत नाही. अब्बा खाटेवरून उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “ढकल के देखा था?”

नव्हतं पाहिलं. आदल्या दिवशी घट्ट बसलेली दांडी ओढून काढताना गिअरबॉक्सचा हात माझ्याकडून हलला होता आणि खाली एक गिअर पडला होता. मी वरची मूठ पाहिली आणि खालचंही तसंच असेल असं धरून चाललो. ठोकळे काढून गाडी नुसती हाताने ढकलली असती तर कळलं असतं, न्यूट्रलला असेल तर हलते, नसेल तर अडते. वर क्लच न दाबता, सीटवर न बसता चावी फिरवली, ही दुसरी चूक. अब्बांनी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या मते हे सांगायची गोष्टच नव्हती. पन्नास वर्षं त्यांच्या हाताने ते आपोआप केलं होतं.

त्या रात्री माझी झोप उडाली, आणि माझं मत तिथे पक्कं झालं. आपल्या मिस्त्रींकडे जे ज्ञान आहे ते खरं आहे, पण ते फक्त हातात आहे. हात थरथरायला लागले की ते जातं. आणि जे सांगितलं जात नाही त्यानेच पोरांची बोटं जातात.

म्हणून सकाळी चहाच्या वेळी मी भावाशी भांडलो. विषय पुतण्याचा होता. भावाच्या मनात त्याला नववीनंतर काढून दुकानावर बसवायचं आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे, “मी नववी नापास. तुझ्याएवढं नाही पण घर चालवतो. दहावी करून त्याला कोण नोकरी देऊन रायलं?” हे खोटं नाही, आणि यावर शिक्षकी भाषण देणं मला लाजिरवाणं वाटलं. पण मी त्याला त्याच्याच दुकानातली गोष्ट विचारली. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मोटरसायकलींपैकी किती तो पुरत्या दुरुस्त करतो? फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, लाल दिवा लागला की स्कॅनर जोडायचा, कोड वाचायचा. तो गप्प झाला. ती गिऱ्हाइकं तो यवतमाळला पाठवतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथे जे पोरगं पाना धरतं त्याच्याकडे आयटीआयचा कागद असतो. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि दहावी पास लागते. दहावीच्या अलीकडे थांबलं की तो दरवाजा बंद. काम येणाऱ्याला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सरकारी सोयही आहे, आधी शिकलेल्याची नोंद म्हणतात तिला, पण आमच्या गल्लीत एकाही मिस्त्रीने तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. मशिदीच्या नोटीस बोर्डावर चंद्र दिसल्याची खबर लागते, जकातीचा हिशेब लागतो, ही माहिती का लागत नाही? मी या जुम्म्यानंतर विचारणार आहे.

सगळ्यात अनपेक्षित अब्बा निघाले. मला वाटलं ते भावाची बाजू घेतील. ते म्हणाले, “मै तीसरी पढा. लिखना आता तो उस्ताद ने जो बताया वो लिख के रखता. आधा भूल गया.”

जुन्या गाड्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. हळहळीत गाडी होती, ड्रायव्हर थोडाफार होता, मिस्त्री नव्हता. १३ ऑगस्ट २०२१ ला भंगार धोरण सुरू झालं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्यांसाठी गेल्या ऑगस्टमध्ये दहा हजार. धूर कमी व्हावा या हेतूला माझा विरोध नाही, डॉक्टरांची पद्मिनी चालू झाली की आमच्या दारातल्या कोंबड्या पळतात. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण तिला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आणि ती गाडी मग रॅलीला, प्रदर्शनाला न्यायची, रोज बाजारात नाही. डॉक्टरांची गाडी एक्केचाळीसची. ना नवी ना विंटेज. अब्बांसारखीच मधली. धोरणात लोखंडाचा हिशेब आहे, ज्या दुकानांचं पोट या गाड्यांवर आहे त्यांनी पुढे काय शिकायचं, कुठे, कुणाच्या खर्चाने, याची चर्चा मी तरी ऐकली नाही. आपल्या संघटनांनीही केली नाही. आरक्षणाच्या मोर्चात मी गेलो आहे, पुन्हा जाईन, पण त्या मोर्च्याला गाड्या घेऊन येणाऱ्या आणि वाटेत त्या दुरुस्त करणाऱ्या माणसांसाठी एक मागणी तरी त्या निवेदनात असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. गाडी ढकलून पाहिली, हलली. दांडी जुळवली, पिन सहज गेली. इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. दांडी कुठे पत्र्याला घासत नाही ना, सायलेन्सरच्या पाइपाजवळ जात नाही ना, ते बॅटरी धरून पाहिलं. मग सीटवर बसून, क्लच दाबून चावी. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. “दूसरे में जरा सख्त है,” म्हणाले. अर्धा आटा. “अब ठीक.”

डॉक्टर संध्याकाळी आले, आर्णी रोडला एक चक्कर मारून परतले. “लोण्यासारखा पडते मिस्त्री,” म्हणाले. अब्बांनी बाराशे सांगितले, त्यांनी पंधराशे दिले. नोंदणी त्यांनी २०२४ मध्येच केली होती, पुढची २०२९ ला. “तेव्हा दहा हजार भरायचे का नाही ते पोरगं ठरवन,” म्हणाले आणि हसले.

पुतण्याच्या वहीत आता साडेचार पानं भरली आहेत. पहिल्या पानावर दांड्यांचं चित्र, आट्यांचे आकडे, बुशांची मापं. मधे एका ओळीत लाल पेनाने ‘आधी गाडी ढकलून पाहणे’. त्याखाली अब्बांनी त्याच्याकडून अॅम्बेसेडरच्या क्लचचं काहीतरी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. मी निघालो त्या दिवशी ते तेच सांगत होते आणि तो “थांबा ना दादाजान, हळू” म्हणत लिहीत होता. शाळा सोमवारी सुरू होणार होती. बस स्टँडवर सोडायला आलेल्या भावाला मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “बघू.”